पाणी म्हणू की जल?

सांगलीहून एका आजींचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी दोनदा लिहिलंय. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातला कामापुरता भाग देते.

"माझा मुलगा पुण्यात असतो. सून हावड्याची, बंगाली. नात साडेतीन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेले होते. जेवताना नातीला ठसका लागला म्हणून मी म्हटलं, 'बाळा, पाणी पी.' तर ती म्हणते, 'आजी, पाणी नाही, जॉल. पाणी बॅड वर्ड.' मी सुनेकडं बघितलं. ती हसून म्हणाली, 'आई, आमच्याकडं पानी मुसलमान लोक म्हणतात. आमच्या घरात कुणी म्हणत नाही.' मला काय बोलावं सुचेना. मग माझ्याही तोंडून निघून गेलं, 'तुमच्याकडं पाणी खातात म्हणे. पाणी खायचं, मग भात पिता का?' ती गप्प झाली. मुलगा ताटावरून उठला. मी दोन दिवस आधीच परत आले.

इथं शेजारच्या काकांना विचारलं. ते संस्कृत शिकलेले, रोज संध्या करणारे. ते म्हणाले, 'सूनबाई बरोबर बोलली. पाणी हा यावनी शब्द, मोगलांबरोबर आलेला. शुद्ध शब्द जल.' तेव्हापासून मी घरात जल म्हणायचा प्रयत्न करते आहे. परवा कामवालीला म्हटलं, 'जल भरून ठेव,' तर ती म्हणाली, 'आज कुठली पूजा हाय व्हय?' मला सांगा, आमचं पाणी खरंच बाहेरचं का? नातीनं काय म्हणावं? आणि सुनेला फोन करायचा तर काय बोलू? फार पाणउतारा झाल्यासारखं वाटतंय."

ताई,

तुमच्या पत्रातला शेवटचा शब्द मी आधी हातात घेते. पाणउतारा. महिनाभर नेटानं 'जल जल' करताय आणि मनातलं दुखणं सांगायची वेळ आली तेव्हा लेखणीतून उतरलं पाणीच. तुमच्या कामवालीनंही परीक्षकाचं काम चोख केलंय. मराठीत 'जल' ऐकलं की माणूस समई शोधतो.

आता काकांचं. पाणी मोगलांबरोबर आलेलं नाही. मोगल येण्याच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपासून ते आपल्या तोंडात आहे आणि त्याचं मूळ काकांच्याच संस्कृतात आहे. 'पा' म्हणजे पिणे. त्याला 'अनीय' हा प्रत्यय लावायचा. पूजा करण्याजोगा तो पूजनीय, बघण्याजोगं ते दर्शनीय, तसं पिण्याजोगं ते पानीय. काकांना पाणिनीचं 'तव्यत्तव्यानीयरः' हे सूत्र आठवत असेल, त्यातलाच हा अनीयर्. म्हणजे हा शब्द मुळात नाम नव्हता, गुण सांगणारा शब्द होता. समुद्रात जल असेल, डबक्यातही असेल, पण ते पानीय नव्हे. ज्यानं तहान भागेल तेच पानीय. पुढं अर्थ सैल होत गेला आणि आपण समुद्राचं पाणी, गटाराचं पाणी असंही म्हणायला लागलो. मग एसटी स्टँडवरच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी' असं रंगवायची पाळी आली. म्हणजे 'पिण्याचे पिण्याजोगे'. शब्दाचा अर्थ झिजला की त्याला असं ठिगळ लावावं लागतं.

पानीयचं पाणी कसं झालं, हे तर वररुचीनं लिहूनच ठेवलंय. त्याच्या प्राकृत व्याकरणातला मोठा भाग महाराष्ट्री प्राकृताचा आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीचा. त्यात एक सूत्र आहे, 'नो णः सर्वत्र': न चा सगळीकडं ण होतो. दुसरं आहे, 'इदीतः पानीयादिषु': पानीय वगैरे शब्दांत दीर्घ ई ची ऱ्हस्व इ होते. या दुसऱ्या सूत्राच्या यादीत गभीरसारखे शब्दही आहेत, ज्याचं गहिर झालं आणि आपल्याकडं गहिरा रंग म्हणून राहिलं. पण यादीला नाव कुणाचं? पानीयाचं. तेव्हाच्या बोलण्यात तो इतका रुळलेला होता की व्याकरणकाराला उदाहरण म्हणून पहिला तोच आठवला. तर पानीयचं पाणिअ झालं आणि पाणिअचं पाणी. शेवटचा तुकडा गळाला खरा, पण 'पाण्यात', 'पाण्याला', 'पाण्यानं' म्हणताना तो अजून डोकावतो.

(एक ऱ्हस्व-दीर्घाची गंमत सांगून टाकते, काकांशी बोलताना उपयोगी पडेल. पाणिग्रहणातला 'पाणि' वेगळा. तो हात. चक्रपाणि म्हणजे हातात चक्र असलेला. त्याचा नि पाण्याचा काही संबंध नाही, लग्नात दोन्ही लागत असले तरी.)

हा शब्द आपल्या एकट्याचाही नाही. हिंदीत, नेपाळीत पानी. गुजरातीत, पंजाबीत पाणी. उडियात तर आपल्यासारखाच ण लावून पाणि. जगन्नाथाच्या दारातले पंडे तेच म्हणतात. सुनेच्या बंगालला लागून असलेल्या आसामात हिंदू-मुसलमान सगळेच पानी म्हणतात. आणि यावर कडी म्हणजे युरोपातले रोमा लोक. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडं निघाले, इराण-तुर्कस्तान ओलांडून पार युरोपभर पांगले, कित्येक शब्द वाटेत सांडले नि कित्येक उचलले. पण पाण्याला ते अजून पानीच म्हणतात. मोगल हिंदुस्थानात आले 1526 साली. रोमांच्या पूर्वजांना तो शब्द बाबरानं शिकवला असेल का, हे काकांनाच विचारा.

आणि मुसलमानी सत्तेबरोबर आलेला शब्द हवाच असेल तर तो वेगळा आहे, आणि तोही आपल्याकडं सुखानं नांदतोय. फारसीत पाण्याला 'आब' म्हणतात. पाच नद्यांचा तो पंजाब. गुल म्हणजे फूल, त्याचं पाणी ते गुलाब. आपण गुलाबदाणीतल्या पाण्याला गुलाबपाणी म्हणतो, म्हणजे तिथंही ठिगळ. दारूचं खातं आबकारी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द, आबरू. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. मोत्याला पाणी असतं, तलवारीच्या पात्याला पाणी असतं, डोळे पाणीदार असतात, तसंच माणसाच्या तोंडावर पाणी असतं, आणि ते कुणी उतरवलं की होतो पाणउतारा. इराणातल्या माणसानं आणि सांगलीतल्या माणसानं अब्रूसाठी पाणीच निवडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. अब्रूही आबरूच, आपण काना गाळून घरात घेतलेली.

काकांना अजून एक सांगायचं राहिलं. संध्येत ते 'आपो हि ष्ठा मयोभुवः' म्हणतात, तो ऋग्वेदातला मंत्र. त्यातलं 'आपः' आणि फारसीतलं 'आब' ही एकाच घरातली चुलत भावंडं आहेत. म्हणजे ज्या शब्दाला यावनी म्हणून बाहेर काढायचं, तो यावनी नाहीच, आणि जो खरा फारसी, त्याचा भाऊ रोज सकाळी काकांच्या पळीत बसलेला असतो. हे त्यांना सांगताना हसू नका. चांगले गृहस्थ दिसतात, फक्त अर्धं ऐकून पूर्ण सांगतात.

शुद्धच करायला निघालं तर मोरीत काय उरेल, तेही बघा. बादली पोर्तुगीज. पिंप पोर्तुगीज. आंघोळीचं पाणी तापवणारा बंब पोर्तुगीज. हौद अरबी. प्याला फारसी. त्या सगळ्या परदेशी भांड्यांत जे भरलेलं असतं ते मात्र अगदी घरचं, आणि तुम्ही नेमकं तेच ओतून टाकायला निघालात.

मराठीतून पाणी काढायचं म्हटलं तर काय काय जाईल याची यादी करायला मी सहज बसले आणि दुपारचा चहा गार झाला. पाणवठा, पाणथळ, पाणलोट, पाणकोंबडी, पाणबुडी, पाणमांजर, जमिनीखालचा झरा सांगणारा पाणाड्या, दारोदार घागरी पोचवणारा पाणक्या. शब्द जोडताना पाणी आपली ई सोडून 'पाण' होतं आणि पुढच्या शब्दाला चिकटतं, इतकं ते भाषेच्या हाडामासी खिळलंय. मग आपले वाक्प्रचार. कुणाला पाणी पाजावं, कुणाचं पाणी जोखावं, कुणाला पाण्यात बघावं, आशेवर पाणी सोडावं. (हे सोडणं दानाचं: दान देताना तळहातावरून पाणी सोडायचं, म्हणजे वस्तूवरचा हक्क संपला.) कष्टांवर पाणी पडतं, तोंडाला पाणी सुटतं, कुठंतरी पाणी मुरत असतं, आणि एखादा बेरकी माणूस दहा गावचं पाणी प्यालेला असतो. यात एकदा जल घालून बघा. 'हा दहा गावचं जल प्राशन केलेला आहे.' बेरकी माणूस एकदम तीर्थयात्रेला गेलेला वाटतो. आणि तुम्ही तर सांगलीच्या. कृष्णा फुगली की सगळं गाव आयर्विन पुलाकडं बघत असतं, पाणी किती फुटांवर गेलं, पंचेचाळीस ओलांडलं का, कुठल्या गल्लीत शिरलं. 2005 साली आणि 2019 साली तुमच्याकडं जे शिरलं त्याला कुणी जल म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं. पण ताई, यावरून जल परकं ठरवायला जाल, तर तेही चुकेल, आणि सुनेवर तसाच अन्याय होईल. मृगजळ, गंगाजळ, जळू हे आपलेच. बँकेची 'परकीय चलनाची गंगाजळी' सुद्धा आपलीच. (ओंजळीत मात्र जळ नाही, बरं का. ती अंजलीची ओंजळ झाली. शाळेत असताना मी हे ठामपणे उलटं सांगून एक गुण घालवला होता.)

आणि आता जी गोष्ट सांगते ती या पत्राला उत्तर लिहायला बसले तेव्हाच माझ्या लक्षात आली. त्याआधी दोन्ही ओळी मला वेगवेगळ्या माहीत होत्या, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

आपल्या मुलखातलं सगळ्यांत जुनं काव्य म्हणजे गाथासप्तशती, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेलं, महाराष्ट्री प्राकृतातलं. त्यात एक फार गोड गाथा आहे. उन्हातून आलेला वाटसरू पाणपोईवर ओंजळ धरून उभा आहे. पाणी घालणारी तरुण आहे. तो नजर वर करून तिच्याकडं बघत पितोय आणि जास्त वेळ लागावा म्हणून मुद्दाम बोटं फाकवतोय, म्हणजे पाणी गळून जाईल. तीही काही कमी नाही. तो जसजशी बोटं फाकवतो तसतशी ती आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नाही. आता ओळ ऐका: 'उद्धच्छो पिअइ जलं'. वर बघत जल पितो. जल, पाणी नव्हे. (तिला गाथेत 'पावालिआ' म्हटलंय, म्हणजे प्रपापालिका, पोई सांभाळणारी. ही प्रपा नाशिकच्या पांडवलेण्यांतही भेटते. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. तापी, दमण वगैरे नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्यानं सभा आणि प्रपा बांधल्या म्हणून. हा उषवदात शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांपैकी. त्यानं इथं येऊन पाणपोया घातल्या.)

आता सुनेच्या मुलखात चला. बंगालीतलं सगळ्यांत जुनं काव्य म्हणून ज्याचा मान आहे ती चर्यापदं. बौद्ध सिद्धांची गाणी. हरप्रसाद शास्त्रींना ती 1907 साली नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात सापडली आणि 1916 साली छापली गेली. असमिया, उडिया, मैथिली मंडळीही त्यांवर आपापला हक्क सांगतात, ते भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. ही गाणी आठव्या ते बाराव्या शतकांतली मानतात. बंगालमध्ये मुसलमानी सत्ता आली ती तेराव्या शतकाच्या तोंडावर. त्यातल्या भुसुकु नावाच्या सिद्धाच्या एका पदात शिकाऱ्यांनी घेरलेलं हरीण आहे. आपलं मांसच आपलं वैरी झालंय, हे त्याला कळलंय, आणि भीतीनं ते गवताला तोंड लावत नाही की पाणी पीत नाही. ओळ अशी आहे: 'तिण न च्छुपइ हरिणा पिवइ न पाणी'.

बघितलंत? गोदाकाठचा वाटसरू जल पितो आणि बंगालचं हरीण पाणी पीत नाही. तुमच्या आजीच्या आजीकडं सुनेचा शब्द होता आणि तिच्या आजीच्या आजीकडं तुमचा. आणि दोन्हीकडं क्रियापद पिण्याचंच, पिअइ आणि पिवइ. तेव्हा बंगालीत पाणी खात नव्हते.

म्हणून आता त्या खाण्याकडं येऊ. इथं मी तुमची बाजू घेणार नाही. सुनेनं सांगितलं ते तिच्या गावची रीत म्हणून सांगितलं. तुम्ही जे बोललात ते लागावं म्हणून बोललात. 'जॉल खाबो' हे बंगालीत सरळ साधं वाक्य आहे. त्यांचं 'खावा' हे क्रियापद मोठं पोटाचं आहे: त्यात पाणी मावतं, चहा मावतो, सिगारेट मावते, मुका सुद्धा मावतो. आणि आपण काय कमी खातो? मार खातो, लाच खातो, भाव खातो, हवा खातो, डोकं खातो, आणि नदीत पडलो तर गटांगळ्या खातो. मराठी शिकणाऱ्या बंगाली मुलीनं 'तुमच्याकडं डोकं खातात म्हणे' असं जेवणाच्या ताटावर म्हटलं असतं तर तुम्ही आनंदानं आमटी वाढली असतीत का?

सुनेनं सांगितलं ते तिच्यापुरतं खरंही आहे. बंगाली बोलणाऱ्यांत साधारणपणे हिंदू घरांतून जल आणि मुसलमान घरांतून पानी, अशी वाटणी झालेली आहे. माणूस काय मागतो यावरून तो कुणाचा, हे ओळखलं जातं. शब्द दोन्ही संस्कृतातूनच आलेले, तरी मधे कुंपण पडलं. आपल्याला याचं नवल वाटायला नको. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पानी' आणि 'मुसलमान पानी' अशी वेगवेगळी पिंपं असायची. पिंपं दोन, पाजणारे दोन, आणि तरी दोघं एकच शब्द ओरडायचे. आणि महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाणी पिण्यासाठी हजारो माणसांना घेऊन जावं लागलं, तिथं तर शब्दही एक होता, धर्मही एकच सांगितला जात होता. आपण महाराष्ट्रात पाणी वाटलं, त्यांनी शब्द वाटून घेतला.

माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगते. थोरल्या भावाची बायको गोव्याची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात रात्री तिला ताप भरला आणि ती आईला म्हणाली, 'म्हाका उदक जाय.' गोव्याच्या कोंकणीत रोजच्या पाण्यालाच उदक म्हणतात. आमच्या आईला उदक माहीत होतं ते श्राद्धातलं, तर्पणातलं. ती जी घाबरली ती देवघरातून गंगेचा गडूच घेऊन धावली. वहिनीला कळेना की आपल्याला साध्या तापात गंगा का पाजतात. पुढं आई गेली तोवर दोघी एकमेकींना चिडवत राहिल्या. आई तिला 'उदक हवंय का गं' म्हणायची आणि वहिनी विचारायची, 'कुठलं, गडूतलं की माठातलं?' (हे उदकही काही साधंसुधं नाही. समुद्रात तेच लपलंय, रशियनांच्या 'वोदा'चं ते नात्यातलं, आणि वोदा म्हणजे पाणी, तर वोडका म्हणजे लाडानं 'पाणुलं'. वहिनीला हे कळलं तेव्हा तिनं आईला ते मुद्दाम सांगितलं नाही.) तुमच्या घरात मराठी, बंगाली आणि बहुधा इंग्रजी अशा तीन भाषा नांदताहेत. एवढ्या वर्दळीत शब्द एकमेकांच्या पायात यायचेच.

आता नात. ती सुनेशी बोलताना जॉल म्हणेल, तुमच्याशी पाणी म्हणेल आणि बालवाडीत वॉटर म्हणेल. साडेतीन वर्षांच्या पोरांना हे जमतं. मोठ्यांनी मधे मधे केलं नाही तर आपल्यापेक्षा छान जमतं. तुम्ही पाणीच म्हणत राहा. जल म्हणायचं नाटक आजपासून बंद. नातीला तुमच्याकडून जे मिळायचंय ते तुमचं मराठी आहे, काकांचं नव्हे.

तिचं 'बॅड वर्ड' मात्र तसंच सोडून देऊ नका. एवढ्या लहान जिवाला शब्द वाईट वाटला तो त्याच्या अर्थामुळं नाही, तो कुणाच्या तोंडी असतो त्यामुळं. उद्या बालवाडीत शेजारी बसलेली कुणी सलमा डबा उघडून पाणी मागेल, तेव्हा नातीच्या मनात काय येईल, याचा विचार आई म्हणून सुनेनंही करायला हवा. तिला तो पटेल असं मला वाटतं, कारण बाजारात, रिक्षात, सोसायटीच्या वॉचमनशी हिंदी बोलताना ती स्वतः बिनदिक्कत पानी म्हणत असणार. कुंपण फक्त बंगालीच्या अंगणात आहे. पण हे तुम्ही पहिल्याच फोनवर काढू नका.

पहिल्या फोनवर फक्त माफी. कारणं देत बसू नका. 'त्या दिवशी मी खाण्यावरून बोलले ते चुकलं गं माझं.' एवढंच. गाथा नको, वररुची नको, मी लिहिलेलं हे उत्तर तर मुळीच वाचून दाखवू नका. सासूनं पुरावे घेऊन माफी मागितली की ती खटला होते.

दुसऱ्या-तिसऱ्या फोनला, ती जरा सैलावली की, तिच्या आजीबद्दल विचारा. आजी पूर्वेकडची का, म्हणून. 1947 ला आणि परत 1971 ला पूर्व बंगालातून माणसांचे लोंढेच्या लोंढे पश्चिमेकडं आले, आणि हावडा-कोलकात्यातल्या पुष्कळ घरांत कुणीतरी घरदार टाकून आलेलं असतं. तिच्या घरात तसं असेल, नसेल. असेल तर त्या एका शब्दामागं तिच्या घरात काय काय बोललं गेलंय, ते तिलाही नीट माहीत नसेल. ती सांगेल ते ऐका. उत्तर देऊ नका.

आणि एक युक्ती सांगते, ती मात्र स्वयंपाकघरातली. पुढच्या एकादशीला मुलाच्या घरी जा. उपासाला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करा, वेलची जरा सढळ घाला. पण सुनेला 'शिंगाडा' म्हणून सांगू नका, गोंधळ होईल. बंगालीत शिंगाडा म्हणजे समोसा, आणि एकादशीला सासू समोसा करायला निघाली असं तिला वाटेल. पिठाच्या पुडीवरचं चित्र दाखवा, ते तळ्यातलं काट्याचं फळ, आणि विचारा, याला तुमच्याकडं काय म्हणतात गं?

ती म्हणेल, 'पानिफल.' हिंदू घरांत, मुसलमान घरांत, सगळीकडं बंगालीत त्याला पानिफलच म्हणतात.

तेव्हा तुम्ही 'बघ!' म्हणायचं नाही. नातीकडं बघून हसायचंही नाही. पुन्हा एकदा विचारा, काय म्हणालीस? आणि ती परत म्हणाली की तो शब्द तिच्यासारखा म्हणून बघा, चुकलात तर चुकू द्या. मग शिरा वाढा. पोरीला ठसका लागतो ना, तिच्या ताटाजवळ भांडं भरून ठेवा.